हसायला नाही बघत मी

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. ‘एवढी वाचणारी बाई, आणि ते जुने, स्वस्तातले रबरी राक्षसांचे पिक्चर कशाला बघतेस? हसायला ना?’ नाही. हसायला नाही.

सगळे चांगले असतात असं मी कधीच म्हटलेलं नाही. १९५०च्या दशकातले कितीतरी अमेरिकी पिक्चर मध्यावर जीव नकोसा करतात. शास्त्रज्ञ खोलीत उभे राहून बोलतच बसतात, कारण बोलणं स्वस्त पडतं. आपल्याकडचे हिंदी भुताचे पिक्चर काढणारे रामसे बंधू, त्यांच्या पिक्चरमधले आंघोळीचे प्रसंग मी आजही पुढे पळवते. पण त्यांच्याच १९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये अजय अगरवालचा सामरी हा राक्षस समोर येतो, तेव्हा ती उंची आणि तो चेहरा एवढंच पुरतं.

एकदा ओळखीच्यांना घरी जमवून १९५७चा ‘द जायंट क्लॉ’ लावला. त्यातला अजस्र पक्षी म्हणजे लांब मानेचं, वटारलेल्या डोळ्यांचं बाहुलं, डोक्यावर चार विस्कटलेली पिसं. तो दिसला आणि हशा पिकला. माझ्या शेजारी गणपती घडवणारे एक काका होते. उमेदीत त्यांनी स्टुडिओत प्लॅस्टरची कामं केलेली. ते पुढे वाकून बघत होते. “मान कशावर बसवलीया ओ? तारंवर?” मग जरा थांबून, “करणाऱ्याला दिस किती दिलं असतील?” मागून कुणीतरी म्हणालं, “काका, ह्यापेक्षा तुमचा गणपती बरा!” पुन्हा हशा. काका उठले, चपला घातल्या आणि गेले. परत आले नाहीत.

या पिक्चरचा नायक जेफ मॉरो. शूटिंगच्या वेळी त्याला पक्षी दाखवलाच नव्हता. त्याने तो पहिल्यांदा पाहिला तो आपल्या गावच्या थिएटरात, लोकांच्या हशात, आणि कुणी ओळखू नये म्हणून लवकर बाहेर पडला. हा किस्सा मीही रंगवून सांगायचे. आता सांगवत नाही.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी हाताने कॅमेरा घडवला तो आमच्या याच कोल्हापुरात. त्यांच्या १९२०च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की तो कापावा लागला. तुम्ही म्हणाल, कुठं पेंटर आणि कुठं हे बाहुलं! कबूल. विशीत मी भांडायचे की कष्ट घेतले म्हणजे काम चांगलंच. आता तसं म्हणवत नाही, पक्षी वाईटच आहे. तरी तो आला की माझी नजर मानेच्या सांध्यावर जाते, आणि हसणाऱ्यांचा राग येतो. दोन्ही एकदम कसं, ते मलाही सांगता येत नाही.

पुन्हा लावायचा आहे. काकांना बोलवीन. बाकी कुणाला बोलवायचं, ते ठरत नाही.