तुम्ही विचारलंत म्हणून: हाय स्टॉल कन्व्हर्टर टाकायचा का?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करतो म्हटल्यावर जळगावात लोक दोन गोष्टी विचारतात. ऑइल कधी बदलायचं, ही जुनी. आणि हल्ली, मोबाइलवर पुढची चाकं उचलणाऱ्या अमेरिकन गाडीचा व्हिडिओ दाखवून, "मनी गाडी उठत नही भाऊ, हाय स्टॉलना टॉर्क कन्व्हर्टर टाकी देऊ का?"

बहुतेकांना मी नाही म्हणतो. का, ते सांगतो.

कन्व्हर्टर इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसतो; विहिरीवरची मोटार खोललेल्या माणसाला तो फार समजवावा लागत नाही. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल फेकतो, समोरची टर्बाइन त्या माऱ्याने फिरते आणि गिअरबॉक्सला फिरवते. मध्ये स्टेटर असतो. टर्बाइनमधून परतणारं तेल तो इम्पेलरच्या फिरण्याच्या दिशेला वळवतो, म्हणून गाडी उठताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण दुप्पट होऊन मिळतो. वेग धरला की ही वाढ संपते, आणि लॉकअप क्लच बसला की इंजिन नि गिअरबॉक्स एकजीव फिरतात.

स्टॉल म्हणजे टर्बाइन रोखून पूर्ण रेस दिली, तर इंजिन जिथवर चढून अडतं तो आरपीएम. ३००० चा स्टॉल म्हणजे ३००० पर्यंत गाडी जागची हलणारच नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हलक्या पायाने ती आधीच निघते, फक्त ढिली वाटते: रेस पुढे पळते, गाडी मागून येते. दुसरं, खोक्यावरचा आकडा तुमच्या गाडीचा नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला तर स्टॉल वर जातो, कमजोर इंजिनामागे खाली येतो.

व्हिडिओतली ती गाडी बहुधा मोठा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकलेली, आठ सिलिंडरची पेट्रोल व्ही-८ असते. अशा इंजिनात खालच्या आरपीएमला जीव नसतो, ताकद वरच येते. तिला सुरुवातीलाच वर चढू देणारा ढिला कन्व्हर्टर लागतोच. शिवाय ती ४०० मीटर पळून थांबते, गिअरबॉक्स थंड व्हायला वेळ मिळतो.

आपल्याकडे विचारणारा येतो तो डिझेल घेऊन. फॉर्च्युनरचं २.८ लिटरचं ऑटोमॅटिक घ्या. कंपनीच्याच आकड्यांनुसार ५०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २८०० आरपीएममध्ये मिळतो. तिथे ३००० चा स्टॉल टाकला तर जिथे ताकद आहे तो पट्टाच ओलांडून पुढे जायचं. पैसे देऊन गाडी मंद करण्याचा प्रकार आहे हा. टर्बो जागा व्हायला वेळ लागतो ही तक्रार खरी असली, तर कंपनीच्या स्टॉलपेक्षा दोन-तीनशे वर, बस. त्याआधी एअर फिल्टर, टर्बोचे होज आणि टायरचा साइज बघा. एक नंबर मोठे टायर टाकून पिकअप घालवलेले लोक कन्व्हर्टरला दोष देतात.

रस्त्यावरच्या गाडीसाठी मी पहिला प्रश्न विचारतो: शंभरच्या वेगाला टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा, किती दाखवतो? टॉप गिअरला १८०० दाखवत असेल आणि स्टॉल २८०० चा असेल, तर लॉकअप सुटला रे सुटला की कन्व्हर्टर घसरत राहणार. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना संथ गाडीमागे अडकलात की लॉकअप सुटतोच. तिथे इंजिन ४० किलोवॅट देत असेल आणि घसरण फक्त १० टक्के धरली, तरी ४ किलोवॅट नुसत्या उष्णतेत जातात, तेही गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये. घसरण तेवढ्यावर थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि आपला मे महिना माहीतच आहे. भुसावळला पारा ४५ च्या वर, एसी चालू, कंडेन्सरची गरम हवा रेडिएटरवर. ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीत असेल तर तिथलं पाणीच ९० अंशांच्या आसपास. त्याखाली ऑइल उतरणार कसं? ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून कन्व्हर्टरचे पैसे बाजूला ठेवलेल्याला मी आधी वेगळा, हवेवर चालणारा प्लेटचा कूलर लावायला सांगतो. रेडिएटरनंतरच्या परतीच्या लाइनवर. पुष्कळांची हौस तिथेच भागते, कारण गरम ऑइलमुळे गोंधळलेला गिअरबॉक्स थंड झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखा गिअर बदलतो.

तरीही इंजिन खरंच बदललेलं असेल, पेट्रोलचं असेल, कॅम मोठा असेल, तर जरूर टाका. पण लॉकअपवालाच. नुसता "३००० चा द्या" म्हणू नका; गाडीचं वजन, टायरचा साइज, डिफरेन्शिअलचा रेशो आणि टॉर्क कुठे मिळतो ते बनवणाऱ्याला सांगा. हे न विचारता जो कन्व्हर्टर विकतो, त्याच्याकडून घेऊ नका. नव्या सहा गिअरच्या गाडीत आणखी एक अडचण: कन्व्हर्टरची घसरण संगणक सतत मोजत असतो. त्याला ती पटली नाही तर पी०७४१ चा, म्हणजे लॉकअप नीट बसत नसल्याचा, कोड टाकून बसतो, मग ट्यूनिंगचा वेगळा खर्च.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसताना टप्प्याटप्प्याने आत सरकतो, हाताला कळतं. पूर्ण आत ढकलल्यावर तो आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाकडची चकती, जिला तो बोल्टने जोडतात) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. ती नसताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला ओढून घेतला की पंप फुटतो.

आणि स्विफ्टचं एजीएस घेऊन येणाऱ्या भावांनो, तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाहीच. तिथे साधा क्लचच आहे, फक्त तो दाबायला तुमच्या पायाऐवजी मशीन ठेवलंय.