बट्टीचा रविवार

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकलेला असताना शहाण्या माणसाने पंख्याखालून हलू नये. आपल्याकडची, खान्देशातली माणसं मात्र नेमकी तेव्हाच पातेली, परात, गोवऱ्या आणि दहा-वीस जिवाभावाची मंडळी घेऊन देवाच्या दारी बट्टी करायला निघतात. बट्टी म्हणजे गहू-मक्याच्या रवाळ पिठाचा उंडा वाफवून, कापून तळलेला, नाहीतर गोळा करून गोवरीवर भाजलेला. कुणाच्या बोअरला पाणी लागलेलं असतं, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलेलं असतं, कुणाची लेक बारावी निघालेली असते. देवीला शब्द दिलेला असतो, तो फेडायचा. नवस नसला तरी काही अडत नाही. वर्ष धडपणे गेलं, एवढं कारण पुरतं.

शिवाय बट्टीला लागणारं सगळं याच दिवसांत घरात भरलेलं असतं. गहू मार्च-एप्रिलात कोठीत आलेला, तुरीची डाळ भरडून डब्यांत गेलेली, मकाही असतोच. शेत नांगरून तापत पडलेलं आणि बागायती कापूस लावायला थोडा अवकाश. पुण्या-सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेले दोस्त सुट्टीत गावी, लेकी माहेरी. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार खरे, पण नोकरदारांमुळे आता बहुतेकांची देवी रविवारी भेटते. तिचीही तक्रार नसावी.

जागा ज्याच्या त्याच्या श्रद्धेची. यावल तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत मनुदेवी, चाळीसगावकडे पाटणादेवी, एरंडोलजवळ डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन गणपतींचं पद्मालय, नाहीतर आपल्याच बांधावरचा म्हसोबा. मनुदेवीचा धबधबा मनात धरून मे महिन्यात जाल तर कोरडा कडा बघून परत याल, तो पावसाळ्याचा. पाणी आपलं आपण न्यायचं: माणशी पाच लिटर प्यायला आणि स्वयंपाकाला वीस लिटरचा जार वेगळा. जंगलाच्या बाजूला चूल ठरवून दिलेल्या जागीच पेटवावी. सागाचा वाळलेला पाला एका ठिणगीने पेटतो आणि दुपारचा वारा तो कुठवर नेईल, सांगता येत नाही. चुलीभोवतीचा पाचोळा झाडून घ्यायचा, निघताना राख पाणी ओतून विझवायची. हात लावून बघायची. वरून पांढरी पडलेली राख आत चांगलीच धगधगत असते.

खरं काम शनिवारी. चार किलो गव्हाला एक किलो मका घालून गिरणीत नेला आणि ‘बट्टीचं दळा’ म्हटलं की गिरणीवाला पुढचं विचारत नाही, पाट सैल करून रवाळ दळून देतो. पोळीच्या बारीक पिठाची बट्टी चिवट होते, दाताशी भांडते. दहा जणांना दोन किलो पीठ पुरतं. त्यात दोन चमचे हातावर चोळलेला ओवा, चमचाभर हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि तीनशे ते चारशे ग्रॅम तेलाचं मोहन. मोहन पिठाला चोळल्यावर मूठ वळून बघावी. मूठ टिकली आणि बोट लावताच फुटली, तर प्रमाण बरोबर. त्याहून जास्त घातलं तर बट्टी कढईत विरते, मग तेल गाळत बसा. कमी पडलं तर दगड. पीठ घट्टच मळायचं आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं.

मग हाताएवढे लांब उंडे वळून चाळणीवर वाफवायचे. पंचवीस मिनिटांनी सुरी खुपसून बघावी, कोरडी निघाली की झालं. इथे सगळ्यांची घाई होते. गरम उंडा कापला की त्याचा भुगा होतो. पूर्ण गार होऊ द्यायचा, मगच बोटभर जाडीचे तुकडे करायचे. म्हणून हुशार घरं उंडे शनिवारी रात्रीच वाफवून जाळीखाली ठेवतात आणि देवीपाशी नुसतं कापून तळतात. तळायचं मध्यम आचेवर. मोठ्या जाळावर रंग झकास येतो आणि आतला गाभा तसाच राहतो.

गोवरीवर भाजलेल्या बट्टीचा थाट वेगळा. आमचं मत विचाराल तर तळलेलीपेक्षा तीच वरचढ, पण तिला धीर लागतो. गोवऱ्या पेटवून ज्वाळा पूर्ण बसू द्यायची, निखाऱ्यावर राखेची साय धरली की गोळे ठेवायचे, वरून राख ओढायची, अधूनमधून फिरवायचे. पाऊण तासात त्या उकलतात. उकलली म्हणजे शिजली. ज्वाळेत टाकली तर बाहेर कोळसा, आत कणीक. फडक्यात घेऊन राख झटकायची आणि मोडून तुपात सोडायची.

सरपणात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, भरपूर नेऊ नयेत. त्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात. चूल धरेपर्यंत ठीक, पुढे बाभळीचं लाकूड हवं. चूल सकाळी सहाला पेटली पाहिजे. अकरानंतर झळा सुरू झाल्या की चुलीपुढचं माणूस आणि कढईतलं तेल दोन्ही तापतात.

सोबत तुरीचं घट्ट वरण आणि वांग्याची भाजी. भरताचा हट्ट मे महिन्यात धरू नये. बामणोदच्या वांग्यांचा बहर हिवाळ्यातला, उन्हाळ्यातली वांगी बियांनी भरतात आणि कडवट लागतात. वांगं हातात हलकं लागलं आणि देठ हिरवागार असला तर घ्यावं. हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि तेलाला हात आखडायचा नाही, एवढ्यावर भाजी जमते.

पहिलं ताट देवीला. नारळ फुटतो, ओटी भरली जाते, आरतीत निम्म्यांना निम्मे शब्द येतात आणि आवाज मात्र सगळ्यांचा खणखणीत. मग पंगत, आधी मुलं. पळसाच्या पत्रावळीवर बट्टी कुस्करायची, मधे आळं करायचं, त्यात वरण, वर तूप. वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. ‘भाऊ, आखो एक ल्या ना!’ पोट भरल्याचं सांगून सुटका होत नाही, पत्रावळ झाकून धरावी लागते. ज्याच्या घरचा नवस असतो तो सगळ्यात शेवटी जेवतो आणि तोवर तुपाची वाटी हातात घेऊन पंगतीत फिरत असतो. देवीची परतफेड तिथे चालू असते, आरतीत नव्हे.

दुपारी निंबाखाली चटई. पत्ते, मुलांच्या सूरपारंब्या, कैरीला तिखट-मीठ, मागच्या पंचवीस वर्षांतल्या मास्तरांच्या नकला. मोबाइलला रेंज नसेल तर उत्तमच. बट्टी जड असते, त्यामुळे पाचाच्या आत कुणी निघायचं नाव काढत नाही.

बट्टी उरतेच, उरेल अशाच हिशोबाने करायची असते. शेजारी जे येऊ शकले नाहीत त्यांचे डबे त्याच संध्याकाळी पोचवावेत, नाहीतर पुढच्या मे महिन्यापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. त्यातूनही राहिलेली सोमवारी सकाळी कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून चहाबरोबर घ्यावी. ताजीपेक्षा हीच आवडणारी माणसं खान्देशात कमी नाहीत.