पारडीतला आमचा माता गट

मे महिन्यात नागपूरच्या उन्हात दुपारी कुत्रंही बाहेर पडत नाही, म्हणून आम्ही सकाळी साडेसातलाच कोणाच्या तरी ओसरीत बसतो, चार-पाच आया अन् पहिलीत जाणारी पोरं. राज्यात २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे पहिलीआधीच्या तयारीचं अभियान सुरू झालं, त्यातलाच हा माता गट. आधी शाळेत मेळावा होतो, टेबलाटेबलावर पोरांना खेळवत खेळवत पाहतात की रंग ओळखतो का, गोष्ट सांगतो का, मोजतो का, मग आईला कार्ड देतात अन् पुढचं घरी करायचं.

काल मी शेंगदाणे अन् फुटाणे एकत्र करून दिले, वेगळे कर म्हटलं. माझ्या पोरानं मस्त दोन ढीग केले, मोजायला गेले तर फुटाण्यांचा ढीग गायब, गाल फुगलेले!

शेजारीण म्हणे, "हे काऊन खेळत बसता, एबीसीडी शिकवा ना." अहो पण शर्टाची बटणं लावता येत नाहीत त्याला, पेन्सिल काय धरणार? तेवढ्यात तिचीच पोरगी येऊन फुटाणे मागायला लागली.

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर बटणांचं जमेल बहुतेक. सध्या वरचं बटण खालच्या काजात जातंय.