तुम्ही विचारलंत म्हणून : धर्माचा रकाना

जनगणनेच्या कामावर नेमणूक झालेले तरुण शिक्षक मला हटकून विचारतात, की परक्या माणसाला त्याच्या धर्माबद्दल, श्रद्धेबद्दल केव्हा विचारावे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रगणक म्हणून घरोघरी फिरलो, त्या अनुभवावरून सांगतो.

आपल्याकडे धर्म सहसा सरळ विचारला जात नाही. आधी आडनाव विचारतात, तेवढ्याने भागले नाही तर ‘मूळचे कुठले?’, आणि घर भाड्याने द्यायचे असेल तर ‘तुमच्याकडे नॉनव्हेज चालतं का?’ ही आडवळणाची चौकशी मला सरळ प्रश्नाहून वाईट वाटते, कारण तीत समोरच्याला ‘सांगायचे नाही’ असे म्हणण्याचीही सोय उरत नाही. जनगणनेत निदान प्रश्न उघड असतो आणि आडनावावरून अंदाज न बांधता, घरातील प्रत्येक माणसाचे जे उत्तर असेल तेच लिहायचे असते.

एका घरी वडिलांनी सर्वांचा धर्म एका दमात सांगून टाकला. मी लिहू लागलो, तोच माजघरातून धाकट्या मुलाचा आवाज आला, ‘माझ्यापुढे धर्म नाही असं लिहा.’ वडील म्हणाले, ‘त्याचं काय ऐकता गुरुजी, लिहा सगळ्यांचं एकच.’ मुलगा सज्ञान होता. मी त्याचेच म्हणणे लिहिले. चहा आला, पण वडील पुढे एक शब्द बोलले नाहीत.

इथवर माझे चुकले नव्हते. चुकले ते पंधरा दिवसांनी, एसटीत. तो मुलगा शेजारी बसला होता आणि मी सहज म्हणावे तसे विचारले, ‘खरंच देवाला मानत नाहीस का रे?’ प्रश्न तोच होता, पण आता माझ्या हाती ना तक्ता होता ना विचारण्याचे कारण. होती ती निव्वळ उत्सुकता, तीही चार माणसांत. त्या जनगणनेत देशभरात अठ्ठावीस लाखांहून अधिक लोकांचा धर्म नोंदलाच गेला नाही, आणि पुढे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की कोणावरही धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकारला करता येत नाही. मग मी कोण लागून गेलो होतो?

मुलाने खिडकीबाहेर पाहत विचारले, ‘गुरुजी, अजून एखादा फॉर्म भरायचा राहिलाय का?’