तुम्ही विचारलंत म्हणून: मिनीचं फक्त मागचं सस्पेन्शन बदललं तर?

गाडी हायड्रोलास्टिक (स्प्रिंगऐवजी दाबाखालच्या द्रवावर चालणाऱ्या सस्पेन्शनची) आहे, मागून बसली आहे, तर फक्त मागे रबर कोन (स्प्रिंगचं काम करणारा रबराचा ठोकळा) टाकून भागेल का? जुन्या मिनीबद्दल, म्हणजे त्या छोट्या ब्रिटिश गाडीबद्दल, हे फार विचारलं जातं. नाही भागणार. हायड्रोलास्टिकमध्ये एका बाजूचं पुढचं आणि मागचं युनिट (द्रव भरलेला डबा) एकाच पाइपने जोडलेलं असतं. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की द्रव मागे ढकलला जातो, मागची बाजू उचलली जाते आणि गाडी डुलत नाही. मागचं युनिट काढून पाइपाला बूच मारलंत, की त्या द्रवाला जायला जागाच उरत नाही. तेव्हा बदलायचं तर चारही चाकांचं.

मुळात १९५९ची मिनी रबर कोनवरच आली. सलून (साध्या प्रवासी) गाड्यांना १९६४मध्ये हायड्रोलास्टिक मिळालं, १९६९पासून बहुतेकींना पुन्हा कोन आले. व्हॅन आणि इस्टेट (मागे सामानाला लांब जागा असलेल्या गाड्या) कायम कोनवरच राहिल्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग कामी येतात.

आधी दाब काढा. द्रव म्हणजे पाणी, अल्कोहोल आणि गंजरोधक. दाब दर चौरस इंचाला २८० पौंडांच्या आसपास, आणि अल्कोहोल विषारी. मागच्या सबफ्रेमपाशी (सस्पेन्शन धरणारी लोखंडी चौकट) टायरसारखे व्हॉल्व्ह आहेत. तिथूनच, नळी बरणीत सोडून, सावकाश सोडा. पाइपाचा नट आधी सैल करू नका.

आता मागच्या बाजूचं काम. मागची सबफ्रेम कोनची बैठक असलेलीच घ्या; जुनीवर वेल्डिंगची कसरत नको. हायड्रोलास्टिकचे डॅम्पिंग (हेलकावे शमवणारे) व्हॉल्व्ह युनिटच्या आतच असतात, म्हणून त्या गाडीला वेगळे शॉक ॲब्सॉर्बर नाहीत. कोनला ते लागतातच. रेडियस आर्मवर (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) त्यांची खालची पिन आहे ना, हे आर्म विकत घेतानाच बघा. सलूनमध्ये डावीकडचा वरचा बोल्ट पेट्रोलच्या टाकीमागे येतो. टाकी सैल करून सरकवावी लागते. आर्म सुटलेच आहेत तर बेअरिंगही बदला. एका टोकाला नीडल बेअरिंग, दुसऱ्याला ब्राँझ बुश. बुश ठोकून बसवल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायलाच हवा, नाहीतर १३/१६ इंची शाफ्ट आवळला जातो.

सगळ्यात जास्त चुका ट्रंपेट बसवताना होतात. हा ॲल्युमिनियमचा दांडा कोन आणि आर्म यांच्यामध्ये आडवा असतो. त्याच्या टोकाचा गोळा आर्ममधल्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसतो. शॉक ॲब्सॉर्बर जोडायच्या आत आर्म खाली लोंबला तर गोळा वाटीतून निसटतो. तशा अवस्थेतच गाडी जॅकवरून उतरवलीत की गोळा वाटीच्या काठावर येतो आणि वाटी फुटते. म्हणून वाटीत ग्रीस भरा, आर्म जॅकने उचलून धरा, गोळा बसल्याची बोटाने खात्री करा, मग शॉक ॲब्सॉर्बर लावा.

नवे कोन लावल्यावर गाडी उंच दिसेल. ती खाली आणायला लगेच ट्रंपेट कापू नका. रबर काही महिने दबत जातं. मागे साधारण ५ला १ हे प्रमाण धरा: ट्रंपेटला लावलेल्या १ मिलिमीटरच्या वॉशरने गाडी ५ मिलिमीटर उचलते. रबर स्थिरावलं की मागच्या चाकांचा टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत किती वळल्यात ते) मोजा. तो १/८ इंच हवा.