29-0 राहू द्या, 21 बघा

पिंजऱ्यात खेळल्या जाणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सचा लढवय्या खबीब नूरमागोमेदोव. त्याचं नाव निघालं की 29-0 येतंच: 29 विजय, हार एकही नाही. त्याची कारकीर्द समजून घ्यायला मात्र 21 हा आकडा जास्त कामाचा. मे 2013, यूएफसी 160 (यूएफसी ही या लढती भरवणारी संस्था). एबल ट्रुहियोला त्याने 27 प्रयत्नांत 21 वेळा खाली आणलं. एका लढतीतला विक्रमच तो. पण 15 मिनिटांत 21 वेळा पाडावं लागलं, म्हणजे गडी पुन्हा पुन्हा उठतही होता. पट निघत होता, कब्जा टिकत नव्हता.

आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल. पिंजऱ्यात खरं काम तिथून सुरू होतं. पडलेला गडी सरकत जाळीपर्यंत जातो, पाठ टेकवतो, एक हात मागे रोवतो आणि पाय अंगाखाली ओढून उठतो. पुढच्या लढतींत खबीब हेच टेकू काढताना दिसतो. आधी पाय: समोरच्याचे दोन्ही पाय सरळ करून त्यांना स्वतःच्या पायांची कैची घालायची. मग त्याच्या पाठीमागून हात घालून रोवलेल्या हाताचं मनगट ओढायचं. आता त्याच्याकडे एकच हात उरतो. तो तोंडावर धरला तर उठता येत नाही, ढकलायला वापरला तर ठोसे बसतात. नक्कल करणारे घाईने आधी मनगटाला जातात. कंबर मोकळी राहिली की खालचा गडी पाय आत घेतो आणि मनगट धरूनही हाती काही लागत नाही.

नोव्हेंबर 2016 मध्ये मायकेल जॉन्सनचे हाल असेच झाले. तिसऱ्या फेरीत किमुरा, म्हणजे हात पिरगळून खांद्यावर ताण आणणारी पकड. ऑक्टोबर 2018 मध्ये मॅकग्रेगरने चौथ्या फेरीत हार मानली. या शैलीतला धोका सप्टेंबर 2019 मध्ये पोइरियेने दाखवला: पट काढताना मान उघडी पडते. त्याने गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत आवळणारी पकड, लावलंही होतं, खबीब त्यातून निसटला आणि त्याच फेरीत मागून गळा आवळून जिंकला.

त्याची दुखरी बाजू होती वजनकाटा. त्याच्या लाइटवेट या वजनगटाची मर्यादा 155 पौंड, म्हणजे सुमारे 70.3 किलो. बिगर-किताबी लढतीत एका पौंडाची सूट, किताबासाठी तीही नाही. विक्रमाच्या त्या लढतीआधी तो 158.5 भरला होता. मार्च 2017 मध्ये टोनी फर्ग्युसनशी हंगामी किताबाची लढत ठरली होती. वजन उतरवताना तो थेट रुग्णालयात पोचला आणि लढत रद्द. शेवटच्या दिवसांत उतरतं ते बहुतांशी पाणी. ते ताणलं की रक्ताचं प्रमाण घटतं, मूत्रपिंडांवर भार येतो. त्यात ऑक्टोबर 2015 पासून यूएफसीत सलाइन लावून पाणी भरून काढण्यावरही बंदी होती.

ऑक्टोबर 2020, अबूधाबी. त्याचे पहिले प्रशिक्षक म्हणजे वडील अब्दुलमनाप. ते जुलैत वारले होते. काट्यावर खबीब बरोबर 155. प्रतिस्पर्धी गेथजी दुसऱ्या फेरीत ट्रँगल चोकमध्ये, म्हणजे पायांनी गळा आवळणाऱ्या पकडीत, बेशुद्ध पडला. ग्लोव्ह्ज पिंजऱ्याच्या मधोमध ठेवून खबीबने तिथेच निवृत्ती जाहीर केली.