‘आता काही उपयोग नाही’ म्हणण्याआधी फाइल उघडा

ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या मानसिक आजाराच्या, जुन्या रुग्णाबद्दल डॉक्टरांनी हात टेकले की आधी बघायचं ते हे, की उपचार नेमके झाले काय? नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत फिरून जाड झालेल्या फाइलीत एंडोस्कोपी, थायरॉइड, टॉनिक, सलाईन सगळं सापडतं. खाण्याच्या विकारासाठीची थेरपी आणि घरच्यांना जेवणाच्या वेळी काय करायचं ते शिकवणं, हे बहुधा नसतं.

त्यातही सलाईन. ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोज लावा ना’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो. पण उपाशी शरीरात एकदम ग्लुकोज गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), ईसीजी, मग बेताबेताने अन्न. आणि सुरुवातीचे दिवस रोज रक्ततपासणी. नेहमीच्या सोडियम-पोटॅशियमच्या रिपोर्टात फॉस्फेट येत नाही, ते वेगळं लिहून मागवावं लागतं. ते राहून गेलं आणि रुग्ण कोसळला, तर फाइलीत मात्र ‘उपचारांना प्रतिसाद नाही’!

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी ‘अंतिम अवस्थेतला ॲनोरेक्सिया’, म्हणजे काही जुन्या रुग्णांना आता उपचारांचा उपयोग नाही, ही कल्पना मांडली, आणि त्यावर बरीच टीका झाली. ती मला पटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच एका अभ्यासात रुग्णांचा माग घेतला, तेव्हा ९ वर्षांच्या सुमारास ३१ टक्के रुग्णच बरे झालेले होते, २२ वर्षांच्या सुमारास ६३ टक्के. दहा वर्षं आजार म्हणजे शेवट, हा हिशेब इथे चुकतो.

अर्थात नाकातून नळी, घरी, पुन्हा नळी, असं चक्र चालवणं हाही छळच. रुग्ण नको म्हणत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे त्याची निर्णयक्षमता तपासावी लागते. अडचण अशी, की या आजाराची मुलगी धोके घडाघडा सांगते, अन् घास समोर आला की वजनाची भीतीच निर्णय घेते. शिवाय उपासमारीने विचार ताठर होतात. म्हणून थोडं पोषण झाल्यावर पुन्हा तपासा आणि उपचारात नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्या. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत.

वजन वाढवण्याचा आग्रह सोडायचं ठरलंच, तरी पोटॅशियम बघणं, दुखणं कमी करणं, बोलणं चालू ठेवायचं, आणि निर्णय पुन्हा कधी तपासायचा ती तारीख टाकायची. पैसे संपले किंवा शहरात या आजाराची टीम मिळाली नाही, तर फाइलीत तेच लिहावं. ‘निरुपयोगी’ लिहिलं की पुढचा डॉक्टर प्रयत्नच करत नाही.